खिडकीतून ऐकलेली मिस्सा

एकदा एक हुशार शिष्य एका म्हाताऱ्या धर्मगुरूंच्या हाती सापडला. अशा गोष्टींत 'शिष्य शिकायला आला' असे म्हणायची रीत आहे, हे मला ठाऊक आहे. पण हा शिष्य शिकायला आलाच नव्हता, तो शिकून आला होता. पाद्री जिथे घडतात त्या सेमिनरीत त्याने ख्रिस्तप्रसाद या विषयावर मोठा प्रबंध लिहिला होता आणि गुरुजनांनी त्याची पाठ थोपटली होती. दीक्षेआधी काही काळ खेड्यातल्या एखाद्या धर्मगुरूंपाशी राहावे असा नियम, म्हणून तो बॅग घेऊन आला. त्याचे नाव मेल्विन. दीक्षा अजून व्हायची असल्याने गाव त्याला 'ब्रदर' म्हणे.

गाव वसईकडचे, केळीच्या आणि पानवेलीच्या बागांचे. तिथले चर्च जुने आहे आणि गावातले म्हातारे लोक त्याला देऊळच म्हणतात. धर्मगुरू वयाने पिकलेले, बोलायला कमी आणि जेवणाचे शौकीन. मला असे सत्पुरुष आवडतात. ज्याला अन्नाची गोडी नाही, त्याच्या अध्यात्माची मला जरा धास्तीच वाटते.

पहिल्या संध्याकाळी जेवायला बसताना फादरनी विचारले, "काय रे मेल्विन, ख्रिस्तप्रसाद म्हणजे काय?"

आता, ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दर रविवारी गाव वेदीभोवती जमते, भाकर आणि द्राक्षारस अर्पण होतो, आणि कॅथलिक श्रद्धेप्रमाणे ती भाकर ख्रिस्ताचे शरीर होते. मग तीच सर्वांना वाटली जाते. या उपासनेला मिस्सा म्हणतात आणि त्या भाकरीला ख्रिस्तप्रसाद. एवढे सांगायला मला दोनचार वाक्ये लागली. मेल्विनला तेवढी पुरली नाहीत. त्याने पूर्वपीठिका मांडली, आक्षेप मांडले, आक्षेपांचे खंडन केले. ताटातली बोंबलांची कढी पार निवून गेली.

"छान," फादर म्हणाले. "कुठे म्हणून चूक नाही. आता जेव."

मेल्विनला हे थोडे लागले. एवढ्या विवेचनाला 'छान' हा एकच शब्द मिळावा, आणि तोही कढीकडे बघत, हे त्याला पटले नाही.

पुढे गावाचा सण जवळ आला. गावाच्या संताचा हा वार्षिक सण, आणि त्या दिवशी सकाळी एकच मोठी मिस्सा व नंतर मांडवात गावजेवण, अशी तिथली प्रथा होती. फादर मेल्विनला म्हणाले, "यंदाची मिस्सा तू बसव. गाणी, फुलं, अर्पणाची मिरवणूक, सगळं तुझ्याकडे."

मेल्विन कामाला लागला, आणि निंदा कशाला करू, मन लावून लागला. गायकवृंदाकडून त्याने कडव्यामागून कडवी घोटून घेतली. वेदीच्या चादरीला पडलेली चुणी त्याला रात्री झोपू देत नसे. अर्पणाच्या वेळी कोणी भाकर आणायची, कोणी द्राक्षारस, कोणी केळीचा घड, कोणी भाताची लोंबी, हे त्याने चार-चारदा चालून दाखवले. जेवणाच्या मांडवाकडे मात्र तो एकदाच गेला. तिथे सेवरिनबाय नावाची म्हातारी बाई टोप घासून घेत होती. त्याने विचारले, "जेवण मिस्सा संपल्यासंपल्या तयार होईल ना?"

"आजवर कधी मागंपुढं झालंय का, ब्रदर?" ती म्हणाली. तेवढ्यावर त्याचे समाधान झाले आणि तो परत चुणीकडे गेला.

त्याने आणखी थोडे विचारले असते तर त्याला जे कळले असते, ते आता मी सांगतो. सेवरिनबायच्या हातात तिच्या सासूने सणाच्या भाताचा डाव दिला, तेव्हा ती नवी सून होती. तेव्हापासून सणाच्या सकाळी ती आणि तिच्या जोडीच्या बाया चर्चच्या मागे, चुलाणावर. गाव आत, त्या बाहेर. त्यांच्या बाजूला चर्चची एक मोठी खिडकी उघडत असे आणि त्या खिडकीतून त्या मिस्सा ऐकत. आत भाकर उंचावली जाते त्या क्षणी घंटा वाजते. ती घंटा ऐकू आली की सेवरिनबाय डाव टोपावर आडवा ठेवी, चुलाणापाशी राखेतच गुडघे टेकी, हात जोडी. आणि उठली की भाताखालचे निखारे बाहेर ओढी. घंटेला भात बरोबर वाफेवर आलेला असे. सासूने सुनेला घड्याळ दिले नव्हते, हे एवढेच गणित दिले होते, आणि त्या गणिताने भात कधी बिघडला नव्हता.

इतर रविवारी ती आत बाकावर असे, ख्रिस्तप्रसाद घेत असे. पण आपल्या गावाच्या सणाला, सगळे गाव एका वेदीशी असताना, तिने तो कधी घेतला नव्हता. आणि हा तिचा शेवटचा सण होता. गुडघे गेले होते. सण झाला की मुलगी तिला नाशिकला घेऊन जाणार होती. काही दिवसांपूर्वी तिने फादरना सहज म्हणावे तसे म्हटले होते, "एकदा तरी सणाला आत बसावं, चारचौघांबरोबर प्रसाद घ्यावा, असं मनात होतं. पण टोप कोण ढवळणार?" फादर 'बघू' म्हणाले होते. मोठ्या माणसांचे 'बघू' म्हणजे काय, हे तिला अनुभवाने ठाऊक होते, म्हणून तिने तो विषय सोडून दिला होता.

सणाची सकाळ उजाडली. चर्च झेंडूने आणि लिलीने भरले. पहिल्या बाकावर नेहमीप्रमाणे बस्त्यावशेठ येऊन बसले. हे केळीचे मोठे व्यापारी, चर्चच्या समितीचे प्रमुख, नव्या सुटात, अंगाला अत्तर. त्यांच्या शेजारी समितीची बाकीची मंडळी. मेल्विनने धुपाटणे पेटवले. धूपाचा पहिला वळसा वर गेला, आणि त्याच वेळी मागच्या खिडकीतून मटणाच्या रश्श्याचा खमंग वास, त्यापाठोपाठ धूर, असे दोघे हातात हात घालून आत आले. बाकांवरच्या माना वळल्या. एका लहान मुलाने आईला मोठ्याने विचारले, "झालं का जेवण?"

मेल्विनच्या कपाळाला आठी पडली. इतक्या पवित्र विधीच्या वेळी हा कांदा-मसाल्याचा घमघमाट! तो लगबगीने गेला आणि खिडकी लावून कडी घातली. वास थांबला, भांड्यांचा आवाज थांबला. आता कुठे चर्च चर्चसारखे वाटते आहे, असे त्याला मनापासून वाटले. फादरनी वेदीवरून ते पाहिले.

बाहेर खिडकीचे दार लागताना सेवरिनबायने बघितले. जोडीची बाई म्हणाली, "अगं, आता घंटा कशी ऐकू येणार?"

सेवरिनबाय काही वेळ डाव हातात धरून नुसती उभी राहिली. तिला रडू आले. धूर होता म्हणून बरे, कोणाला कळले नाही. ती म्हणाली, "यंदा अंदाजानं करू." भात अंदाजाने होईल, हे तिला ठाऊक होते. पण प्रार्थना अंदाजाने कशी करायची, हे तिला सासूने शिकवले नव्हते.

आत मिस्सा सुरेख चालली होती. वाचने झाली, फादरचे छोटे प्रवचन झाले, अर्पणाची मिरवणूक निघाली. भाकर आली, द्राक्षारस आला, घड आला, लोंबी आली. एकाचीही पावले चुकली नाहीत. फादरनी एकेक वस्तू हातात घेतली. मग वेदीकडे वळायचे, ते वळलेच नाहीत. त्यांनी मेल्विनला विचारले, "सगळं आलं?"

"हो, फादर."

"नीट बघ."

मेल्विनने मनातल्या मनात उजळणी केली. "सगळं आलं, फादर."

फादर पायऱ्या उतरले. अंगावर सणाचा भरजरी झगा, तसेच ते मधल्या वाटेने चालत मागच्या खिडकीशी गेले, कडी काढली आणि दोन्ही दारे सताड उघडली. धूर आत आला. वासही आला. मग ते पहिल्या बाकापाशी परत आले.

"बस्त्यावशेठ, जरा चला माझ्याबरोबर. समितीची सगळीच मंडळी चला. कोट इथं ठेवा."

बस्त्यावशेठना वाटले, कोणीतरी मोठा पाहुणा दारात आला असणार. त्यांनी कोट काढला, पण केस नीट केले. फादर पुढे, समिती मागे, अशी ती वरात बाजूच्या दाराने बाहेर पडली. गायकवृंदाला काय करावे कळेना. अर्पणाचे गीत संपले होते, म्हणून त्यांनी ते पुन्हा पहिल्यापासून धरले.

चुलाणापाशी धर्मगुरूंना झग्यासकट बघून बायांनी पदर सावरले. फादर म्हणाले, "सेवरिनबाय, आत चला. सगळ्याजणी चला. तुमच्यासाठी थांबलोय."

"फादर, भात चढलाय."

"बस्त्यावशेठ बघतील."

सेवरिनबायने बस्त्यावशेठकडे पाहिले. त्या नजरेत आदर होता, पण विश्वास अजिबात नव्हता. "भात लागेल हो, फादर."

"लागू दे."

"आणि हे बघा," तिने दोन्ही हात पुढे केले, "हळद, कांदा. साडीला धूर. अशी कशी देवळात येऊ?"

"शेठ अत्तर लावून आले, त्यांना कोणी अडवलं नाही," फादर म्हणाले. "तुम्ही कांदा लावून या."

एक बाई फिसकन हसली आणि मग साऱ्याच हसल्या. सेवरिनबायने डोळे पुसले आणि डाव बस्त्यावशेठच्या हातात दिला. देताना बजावले, "कडेनं नुसतं फिरवायचं नाही, खालून वर आणायचं. आणि आत घंटा वाजली की निखारे ओढायचे. विसरायचं नाही." ज्या बस्त्यावशेठनी जन्मभर माणसांना हुकूम दिले, त्यांनी मान डोलावली.

गायकवृंद तेच गीत तिसऱ्यांदा म्हणत होता, तेव्हा बाया आत आल्या. बाक भरलेले होते, पण पहिले बाक आताच रिकामे झालेले. फादरनी त्यांना तिथेच बसवले. चर्चमध्ये आधी कुजबुज झाली. मग सर्वांना एकदम काहीतरी लक्षात आले असावे, कारण कुजबुज थांबली. आपली आई, आपली आत्या, आपली शेजारीण सणाच्या दिवशी आत दिसत नाही, हे इतकी वर्षे कोणाच्या ध्यानातच आले नव्हते. ती पहिल्या बाकावर दिसली, तेव्हा ती आजवर नव्हती हे दिसले.

मिस्सा पुढे सुरू झाली. भाकर उंचावली गेली, घंटा वाजली. सेवरिनबायने सवयीने हातातला डाव खाली ठेवायला हात हलवला, आणि हात रिकामा आहे हे ध्यानात येऊन ती स्वतःशीच हसली. ख्रिस्तप्रसाद वाटायची वेळ झाली तेव्हा फादर सर्वांत आधी तिच्यापाशी आले. तिने हळदीचे हात पुढे केले. त्या क्षणी तिला झालेला आनंद मी वर्णन करून सांगणार नाही. ज्याने कधी बराच काळ दाराबाहेर थांबून मग घरात पाऊल टाकले आहे, त्याला तो ठाऊक आहे.

सर्वांना वाटून झाल्यावर फादर प्रसादाचे पात्र घेऊन चुलाणाकडे निघाले, कारण आता तिकडची माणसे राहिली होती. मेल्विन मेणबत्ती घेऊन पुढे चालला. बाहेर जाऊन बघतो तर समितीची सगळी मंडळी राखेत गुडघे टेकून बसलेली. डाव टोपावर आडवा. बस्त्यावशेठचे डोळे मिटलेले, कपाळाला काजळी, हात जोडलेले. घंटा त्यांना खिडकीतून स्पष्ट ऐकू आली होती. पहिल्या बाकावर बसणाऱ्या या माणसाने ती आजवर हजारदा ऐकली असेल, पण तेव्हा आपल्या मागे कोण आले, कोण नाही, याकडे त्यांचे अर्धे लक्ष असे. आज बघायला कोणी नव्हते. ते गुडघ्यावर आले ते उठलेच नाहीत. आणि निखारे ओढायचे राहून गेले.

तेव्हा भात करपला. करपायलाच हवा होता.

मांडवात पहिल्या पंगतीला सेवरिनबाय बसली आणि समितीने वाढले. तिने पहिला घास घेतला. सारा मांडव तिच्याकडे बघत होता. ती सावकाश चावून म्हणाली, "माझी सासू असती तर तिनं आज माझ्याकडचा डाव काढून घेतला असता." बस्त्यावशेठ सर्वांत मोठ्याने हसले आणि त्यांनी तिला आणखी भात वाढला. त्या दिवशी टोपाच्या बुडाची खरवडसुद्धा उरली नाही. ती मागून घेतली लोकांनी.

दुपारी फादर ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. मेल्विन येऊन उभा राहिला. त्याला विचारायचे होते की मिस्सा मध्येच थांबवून बाहेर जाणे नियमाला धरून आहे का. पण सकाळपासून त्याला दुसरेच काही टोचत होते. तो म्हणाला, "फादर, खिडकी मी लावली. त्या बाया तिथून मिस्सा ऐकतात, हे मला ठाऊक नव्हतं. पण तुम्हाला त्यांना आत आणायचंच होतं तर आदल्या दिवशी सांगायचं. मी दुसऱ्या बायांची सोय केली असती."

"तेच झालं असतं," फादर म्हणाले. "ह्या आत आल्या असत्या, दुसऱ्या बाहेर गेल्या असत्या, आणि गाव पुन्हा कोणाला न बघता जेवून उठलं असतं. तुला एकट्याला बोल लावत नाही मी. सेवरिनबाय बोलेपर्यंत मलाही कुठं दिसलं होतं? वास मात्र दर सणाला येत होता."

त्यांनी सुपारी बाजूला ठेवली.

"मेल्विन, तुझ्या प्रबंधात भाकरीचं काय होतं ते सगळं बरोबर आहे. भात हा भात आणि ख्रिस्तप्रसाद हा ख्रिस्तप्रसाद, यात मी गल्लत करत नाही. पण ते जेवण कसलं होतं, ते आठव. जेवायला बोलावणाऱ्यानं आधी खाली बसून पाहुण्यांचे पाय धुतले, आणि मग त्यांच्यासाठी स्वतःच भाकर झाला. ज्या पंगतीत वाढणारा स्वतःच अन्न होतो, त्या पंगतीत रांधणारी उपाशी कशी राहील? ती भाकर आपण एकेकटे घेतो, पण ती आपल्याला एकेकटं ठेवत नाही. म्हणून घेण्याआधी मान वर करून बघायचं, कोण यायचं राहिलंय. सकाळी मी तुला तेच विचारत होतो. तू वस्तू मोजल्यास."

मेल्विन खाली बसला आणि त्याने अडकित्ता घेऊन फादरची उरलेली सुपारी कातरून दिली.

सेवरिनबाय नाशिकला गेली. मेल्विनची दीक्षा झाली आणि तो फादर मेल्विन झाला. पुढल्या सणाला म्हाताऱ्या फादरनी त्याला मोठ्या प्रेमाने बोलावले आणि सांगितले, यंदाची मिस्सा तू अर्पण कर, गावाला तुझी नवी दीक्षा बघू दे. त्याने उत्तर दिले, "मिस्सा तुम्ही करा, फादर. मला दुसरं काम आहे." तोवर गावाने खिडकीची दारे काढूनच टाकली होती, आणि चुलाणावर कोणी उभे राहायचे याची पाळी आळीआळीने ठरू लागली होती.

सणाच्या दुसऱ्या दिवशी तो डबा घेऊन नाशिकला गेला. सेवरिनबायने दार उघडले, पांढऱ्या झग्यातल्या त्या तरुण फादरला ओळखायला तिला जरा वेळ लागला. तिने त्याला बसवले, पाणी दिले आणि मग राहवेना म्हणून विचारले, "यंदा टोप कोणी ढवळला?"

"मी."

"तुम्ही? मग मिस्सा?"

"ऐकली. खिडकीतून."

"घंटा आली ऐकू?"

"आली."

सेवरिनबायने डबा उघडला. आत खरवड होती, चांगली काळी. तिने वास घेतला आणि मान हलवली.

"करपवलात," ती म्हणाली. मग तिने खरवडीचा एक तुकडा मोडला आणि अर्धा त्याच्या हातावर ठेवला.